डॉक्टरांच्या बॅगेशेजारी घडीचा पंचा

दिवाळीपूर्वीची साफसफाई सुरू झाली की माळ्यावरच्या वस्तूंचा निवाडा होतो. लातूरच्या गंजगोलाईच्या आसपासच्या वाड्यांतून आणि नांदेडच्या वजिराबादेतल्या जुन्या घरांतून अशा वेळी काही ठरावीक वस्तू निघतात. अंगाला कातरलेली कागदी पट्टी चिकटलेली औषधाची बाटली, काचेची सिरिंज ठेवण्याची चपटी डबी, स्पिरिटचा दिवा, अमृतांजनच्या रिकाम्या बाटल्या, क्वचित रबर तडकलेला स्टेथोस्कोप. भंगारवाला काच वेगळी करतो, धातू वेगळा करतो आणि दहा मिनिटांत सगळा हिशेब मिटवतो.

याच वस्तू लाकडी पेटीत विचारपूर्वक जुळवून मांडल्या, तर त्यांची कलाकृती होते. या कलाप्रकाराला फ्रेंचमधून आलेले ‘असेंब्लाज’ हे नाव आहे. न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९६१ साली त्याचे मोठे प्रदर्शन भरवले, तेव्हापासून हा शब्द रूढ झाला. या कलेतील एक थोर नाव जोसेफ कॉर्नेल (१९०३–१९७२) यांचे. व्यापारी कुटुंबांना त्यांच्याविषयी विशेष जवळीक वाटावी, कारण तरुणपणी ते कापडाचे नमुने घेऊन दुकानोदुकानी फिरणारे विक्रेते होते. कलेचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. आई आणि अपंग धाकटा भाऊ यांच्यासह ते साध्या घरात राहत आणि घरातच पेट्या तयार करीत. १९४० च्या दशकात त्यांनी ‘फार्मसी’ नावाच्या पेट्या केल्या. औषधाच्या दुकानातल्यासारख्या ओळीने मांडलेल्या काचेच्या बरण्या. मात्र त्यांत औषधाऐवजी शंख, रंगीत वाळू, पिसे, फुलपाखराचे पंख.

आपल्याकडचे जवळचे उदाहरण मुंबईचे चित्रकार अतुल दोडिया यांचे. पोरबंदरच्या गांधी संग्रहालयातील काचेची कपाटे पाहून त्यांना जे सुचले, त्यातून २००२ च्या सुमारास ‘ब्रोकन ब्रँचेस’ ही नऊ लाकडी कपाटांची कलाकृती उभी राहिली. गुजरातमधील त्या वर्षीच्या हिंसाचाराची सावली तिच्यावर आहे. कपाटांत जुनी छायाचित्रे, हत्यारे आणि कृत्रिम हातपाय मांडलेले आहेत. एकेक वस्तू बाजारात मिळण्याजोगी. शेजारी कोण बसले, यावरून तिचा अर्थ ठरतो.

डॉक्टरांच्या ‘व्हिजिटी’ची पेटी करू पाहणाऱ्यांची चूक नेमकी येथेच होते. बॅग, स्टेथोस्कोप, सिरिंज मांडली की विषय पूर्ण झाला, असे त्यांना वाटते. परंतु व्हिजिटीला दोन पक्ष होते. केवळ डॉक्टरांच्या वस्तू मांडणे म्हणजे जमा लिहून नावे बाजू कोरी सोडण्यासारखे आहे.

मराठवाड्यात डॉक्टरांना ‘आणायला’ जावे लागे. बोलावणे घेऊन गेलेला घरचा मुलगा त्यांना टांग्यात, खेड्यावर असेल तर बैलगाडीत बसवी आणि बॅग स्वतः धरी. ओसरीवर खुर्ची मांडलेली असे. तपासणीनंतर हात धुण्यास तांब्याभर पाणी, साबणाची नवी वडी आणि घडी न मोडलेला पंचा. (ती वडी मग जपून ठेवली जाई आणि पुढच्या व्हिजिटीला पुन्हा ‘नवी’ म्हणून निघे.) रात्रीची वेळ असेल तर कंदील कोणी धरायचा, हेही ठरलेले. मागाहून कोणीतरी रिकामी बाटली घेऊन दवाखान्यात जाई. कंपाउंडर मिक्स्चर भरून कागदी पट्टीला कात्रीने खाचा पाडी आणि ती बाटलीला चिकटवी. एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत एक डोस. अक्षरओळख नसलेल्या आजीलाही तो हिशेब कळत असे.

जैन घरांत या हिशेबाला आणखी एक पदर होता. चौविहार पाळणारी वडीलधारी मंडळी सूर्यास्तानंतर औषधही घेत नसत. डोसच्या वेळा त्याप्रमाणे मागून घ्याव्या लागत. वैद्यांचे चाटण मधाऐवजी तुपात किंवा खडीसाखरेच्या पाकात कालवले जाई. तेव्हा आपल्या घरच्या पेटीत मधाची बाटली मांडणे चुकीचे ठरेल. तेथे तुपाची लहान वाटी हवी. हा भाग सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि उस्मानिया विद्यापीठात वैद्यकही उर्दूतून शिकवले जाई. त्यामुळे जुन्या चिठ्ठीवर उर्दू अक्षर दिसले तर ती परकी समजून टाकू नये.

पेटीसाठी नवे लाकूड आणण्याची गरज नाही. दुकानातल्या जुन्या गल्ल्याचा खण किंवा मुनीमजींच्या उतरत्या मेजाचा वरचा भाग उत्तम. वस्तू आधी न चिकटवता चार-आठ दिवस मांडून ठेवाव्यात, जागा बदलून पाहाव्यात, मगच तांब्याच्या बारीक तारेने बांधाव्यात. तारेने बांधलेली वस्तू पुढे सोडवता येते, चिकटवलेली फुटते. शिवाय मे महिन्यातल्या लातूर-नांदेडच्या उन्हाळ्यात बहुतेक चिकटपदार्थ दगा देतात. सुताराचा सरस जनावरांच्या कातड्या-हाडांपासून होतो, म्हणून कागदासाठी डिंक किंवा कणकेची खळ वापरावी. खळीला कसर लागू नये म्हणून मोरचूद घालण्याची बायंडरांची पद्धत आहे; ती नको असेल तर पेटीत कडुनिंबाची वाळलेली पाने ठेवून वरचेवर बदलावीत. बॅग चामड्याची असेल आणि घरात चालत नसेल, तर तिचे छायाचित्र लावावे. अडते कुठेच नाही.

काही बाबतींत मात्र हौस आवरावी. पाऱ्याचा थर्मामीटर आणि रक्तदाब मोजण्याचे पाऱ्याचे यंत्र पेटीत नको. काच फुटली तर पाऱ्याची वाफ घरभर होते. सुया काढून टाकाव्यात. अर्धवट भरलेल्या जुन्या बाटल्या उघडू नयेत, मोरीत ओतू तर मुळीच नयेत. जाणकार औषधविक्रेत्याला दाखवाव्यात. जुन्या रबरातून सुटणाऱ्या गंधकाने चांदी काळी पडते, म्हणून चांदीचा वाटी-चमचा स्टेथोस्कोपपासून दूर असावा. मूळ कागद उन्हात फिकट होतात. पेटीत त्यांची प्रत लावावी.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात घरेच्या घरे गेली. तेथे माळे राहिले नाहीत, मग माळ्यावरच्या वस्तू कुठून राहणार? ज्यांच्याकडे त्या शिल्लक आहेत, त्यांच्याकडेही एक गोष्ट वेगाने कमी होत आहे. ही डबी कशाची आणि हा चमचा कोणासाठी आणला होता, हे सांगू शकणारी माणसे आता ऐंशीच्या पुढे आहेत. भंगारवाल्याला हाक मारण्यापूर्वी त्यांच्यापुढे वस्तू ठेवून विचारावे आणि ते सांगतील ते पेटीच्या पाठीमागे तारखेसह लिहून ठेवावे.

मध्यभागी बॅगेची जागा, उजवीकडे तांब्या, पंचा, साबणाची वडी, वर कंदील. आणि तळाशी घरच्या खतावणीतील ते पान, ज्यावर डॉक्टरांचे खाते आहे. पुष्कळ पेढ्यांत फी रोख न देता ती डॉक्टरांनी नेलेल्या धान्या-कापडात वळती होई आणि दिवाळीला खाते पाहिले जाई. खाते बेबाक झाले की काही बाकी राहिली, ते त्याच पानावर दिसेल. बाकी राहिली असेल, तरी प्रत त्याच पानाची लावावी.