लिंबातून रक्त का येते?

लोधिवलीच्या जवळच रसायनी आहे. त्यामुळे रसायन म्हणजे कारखाना, धूर आणि वास, अशीच आपली समजूत. पण रसायन घरातल्या हळदीच्या डब्यातही आहे.

हळदीच्या पिवळ्या रंगाला चुन्यासारख्या अल्कधर्मी पदार्थाचा स्पर्श झाला की तो लाल होतो. वर लिंबू पिळले की पुन्हा पिवळा. जास्वंदीच्या पाकळ्यांचा रस उलट आम्लात लाल होतो. म्हणून तो सुरीच्या पात्याला चोळून लिंबू कापले की 'रक्त' निघते! याच खेळावर भोंदू 'करणी' काढतात. गरिबाची कोंबडी जाते, पैसा जातो आणि आजारी माणसाचे औषधपाणीही राहून जाते.

१९८९ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने असे 'चमत्कार' गावोगावी, शाळांतून करून दाखविले आणि त्यांमागचे कारणही सांगितले. संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. कायद्याने भोंदूला शिक्षा होईल. लोकांच्या मनातली भीती मात्र कारण कळल्यावरच जाईल.

२८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, आपण कला शाखेच्या विद्यार्थ्यांनीही हा प्रयोग वाडीवाडीवर का करू नये? साहित्य तरी काय लागते? हळद, चुना, जास्वंद आणि एक लिंबू.