पंचायतीचे कागद हवेत? आधी अर्जाची भाषा बघा

गावातल्या गटारीवर किती खर्च झाला, हे विचारायला पंचायतीत गेलं की बेळगाव, खानापूर, निपाणी भागात पहिली अडचण येते ती भाषेची. माहिती अधिकार कायदा २००५ च्या कलम ६ नुसार अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत द्यायचा असतो. कर्नाटकात राजभाषा कन्नड. म्हणजे मराठी अर्ज परत करायला आयतं निमित्त मिळतं. कन्नड जमत नसेल तर सरळ हिंदीत लिहा, लिपी आपलीच आहे. लिहिताच येत नसेल तर तोंडी विनंती कागदावर उतरवायला मदत करणं माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे.

कर्नाटकात फी १० रुपये. अर्ज एकाच विषयावर, १५० शब्दांच्या आत. माहिती कशाला हवी, हे सांगावं लागत नाही. 'सगळी माहिती द्या' असं मोघम लिहू नका. वर्ष आणि कामाचं नाव घालून अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तक आणि बिलांच्या प्रती मागा. पोच घ्याच. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा. मुदत टळली की माहिती फुकट द्यावी लागते.