देवराईतील पायवाट आणि द्रव्यसंग्रह

वैद्यांचा व औषधनिर्मात्यांचा वनस्पतींशी येणारा संबंध आज बहुधा पोत्यातील सुकलेली फळे, सालीचे तुकडे आणि पावतीवरील नावे एवढ्यापुरता उरला आहे. द्रव्य ज्या वृक्षावर वाढले तो वृक्ष पाहण्याचा योग क्वचितच येतो. ही उणीव भरून काढण्यासाठी दुर्गम अरण्यात जाण्याची आवश्यकता नाही. सह्याद्रीतील देवराया त्यासाठी पुरेशा आहेत.

देवराई म्हणजे ग्रामदेवतेच्या नावे राखलेले वन. रूढीनुसार तेथे कुऱ्हाड चालत नाही. अनेक ठिकाणी वाळलेली काटकीही घरी नेत नाहीत. डॉ. वा. द. वर्तक व डॉ. माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात या वनांचा अभ्यास करून त्यांचे महत्त्व शास्त्रज्ञांपुढे मांडले. पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात, घाटमाथ्यावरील आहुपे येथे अशी एक प्रसिद्ध देवराई आहे. देवळाकडे जाणारी वाट गावकऱ्यांच्या नित्य वहिवाटीची असल्याने देवराईतील चाल बहुधा सोपी असते. जुन्या वृक्षांचे बुंधे आणि त्यांवर चढलेल्या गारंबीच्या दोरखंडासारख्या वेली पाहत सावकाश चालावे.

या चालण्यातून पहिला लाभ होतो तो द्रव्यपरिचयाचा. हिरड्याच्या देठाशी, पान जेथे सुरू होते तेथे, बहुधा दोन बारीक ग्रंथी आढळतात. बेहड्याची पाने फांद्यांच्या टोकांशी दाटलेली असतात आणि त्याचे फळ करडे, मखमली असते. सोबत गावातील जाणता माणूस अवश्य घ्यावा. गुराखी, मेंढपाळ आणि वनवासी यांना औषधींची नावे व रूपे माहीत असतात, हे चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात नमूद केले आहे. योजनेचे ज्ञान मात्र वैद्याचे.

दुसरा लाभ अधिक महत्त्वाचा. फळ वृक्ष स्वतःहून देतो. साल मात्र त्याच्यापासून काढून घ्यावी लागते. सालीच्या आतील थरातून पानांनी तयार केलेले अन्न मुळांकडे जाते. खोडाभोवती पूर्ण कडे सोलल्यास मुळे उपाशी राहतात आणि वृक्ष वाळतो. अशोक व अर्जुन यांच्या सालीची मागणी नोंदविताना हे ध्यानात असावे. चरकाच्या कल्पस्थानात साल शरद ऋतूत, तर फळे आपापल्या ऋतूत घ्यावीत असा निर्देश आहे.

फळांच्या बाबतीतही मर्यादा हवीच. जुन्नर-आंबेगाव परिसरातील आदिवासी कुटुंबांना बाळहिरड्याचा मोठा आधार आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात तेथील हिरड्याची हानी झाली, तेव्हा त्यांचे उत्पन्नच बुडाले. बाळहिरडा कोवळाच उतरवला जातो. झाडावरील सर्व फळे अशी उतरवली, तर बीज पक्व होणार नाही आणि नवी रोपे उगवणार नाहीत. म्हणून काही फळे पिकू देणे हा संग्रहाचाच भाग मानावा. कोकणातील बेहड्याच्या जुन्या वृक्षांच्या ढोलीत महाधनेश घरटे करतो. फांदी तोडून फळे काढणारा संग्राहक त्याचा निवाराही हिरावतो.

पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशनने उत्तर सह्याद्रीत गावकऱ्यांच्या साहाय्याने हिरडा व बेहडा यांच्या संग्रहाला फेअरवाइल्ड हे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळवून दिले आहे. वृक्ष राखून व संग्राहकास रास्त दर देऊन औषधद्रव्य बाजारात आणता येते, हे त्यावरून दिसते.

आपल्या सभासदांना आमची विनंती एवढीच की, कच्चा माल घेताना दर व ओलावा यांबरोबर आणखी तीन गोष्टी विचाराव्यात : माल कोणत्या भागातला, कोणत्या महिन्यात काढलेला आणि कोणत्या पद्धतीने? विक्रेत्यास प्रारंभी उत्तर देता येणार नाही. परंतु प्रत्येक खरेदीदार विचारू लागला, तर पुढील खेपेस तो ही माहिती घेऊनच येईल. देवराईतील वृक्ष श्रद्धेने राखले गेले; देवराईबाहेरचे वृक्ष राहतील की नाही, हे बव्हंशी आपल्या खरेदीवर ठरणार आहे.