वाळवंट
वाळवंट : नदीच्या पात्रातील, पाणी ओसरल्यावर उघडी पडणारी वाळूची सपाट जागा, या अर्थाचा जुना मराठी शब्द. आज प्रमाण मराठीत तो मुख्यत्वे सहारा, थर यांसारख्या निर्जल प्रदेशांचा वाचक झाला आहे. पंढरपूर (जि. सोलापूर) येथे मात्र मूळ अर्थच बोलण्यात रूढ असून वाळवंट म्हणजे चंद्रभागेचे रेताड पात्र, एवढेच तेथे समजले जाते. भीमा नदी येथे चंद्रकोरीसारखे वळण घेते, म्हणून तिला चंद्रभागा म्हणतात.

शब्दाचे पूर्वपद वाळू (सं. वालुका) हे उघड आहे. संस्कृतातील सैकत व पुलिन हे शब्द अर्थाने त्याला जवळचे. कोकणात समुद्रकाठच्या वाळूला पुळण म्हणतात, त्याचा संबंध पुलिनाशी आहे. ओसाड प्रदेशासाठी मरू, मरुभूमी हे शब्द निराळे होते. पुढे शालेय भूगोलामुळे वाळवंटाचा नवा अर्थ दृढ झाला. दोन्ही अर्थांत वाळू समान असली, तरी जुन्या अर्थात पाणी हाताशी असते आणि नव्या अर्थात पाण्याचा अभाव हेच मुख्य लक्षण ठरते.

हा फरक ध्यानात न घेतल्यास संतवाङ्मयाच्या वाचनात घोटाळा होतो. तुकारामांच्या अभंगांत येणारे ‘वाळवंटी’ हे जुन्या वळणाचे सप्तम्यंत रूप असून त्याचा अर्थ ‘नदीच्या वाळूत’ असा आहे. आधुनिक मराठीत ‘वाळवंटी प्रदेश’, ‘वाळवंटी वनस्पती’ अशा प्रयोगांत तेच रूप विशेषण झाले आहे. त्या सवयीने अभंग वाचणाऱ्यास वैष्णवांच्या मेळ्याभोवती रखरखीत ओसाडी दिसू लागते. प्रत्यक्षात ते गर्दीचे व आनंदाचे स्थळ होय. गोव्यातील साखळी गावाजवळून वाहणाऱ्या, मांडवीला मिळणाऱ्या नदीचे वाळवंटी हे नावही जुन्या अर्थाशीच जुळते. तिच्या काठी विठ्ठलापूर येथे विठ्ठलाचे मंदिर आहे, हा योगायोग लक्षणीय आहे.

पंढरपूरच्या वाळवंटाला स्थळवाचक अर्थापलीकडे एक सामाजिक अर्थ आहे. नामदेव येथे कीर्तन करीत, अशी परंपरा आहे. चोखामेळ्यासारख्या भक्तांना मंदिराचे दार बंद होते; वाळवंटाला दारच नव्हते. मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे यासाठी साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात उपोषण करावे लागले. त्यापूर्वीच्या शतकांत कीर्तन-भजनाचे उघडे स्थान म्हणून वाळवंटाचे महत्त्व किती असेल, हे यावरून ध्यानी यावे.

वाळवंटाचा विस्तार ऋतुमानाप्रमाणे बदलतो. पूर आला की ते पाण्याखाली जाते व पात्रातील पुंडलिकाच्या मंदिराला पाण्याचा वेढा पडतो. माघी वारीच्या वेळी ते सामान्यतः मोकळे असते. वरच्या बाजूचे उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाल्यापासून पात्रातील पाणी बऱ्याच अंशी धरणातून होणाऱ्या विसर्गावर अवलंबून असते. वाळूच्या उपशामुळे पात्रात ठिकठिकाणी खड्डेही पडले आहेत. वारकऱ्यांच्या मुक्कामासाठी अलीकडे नदीपलीकडे स्वतंत्र तळ विकसित करण्यात आला असून तो ‘पासष्ट एकर’ या नावाने ओळखला जातो.