सातबाऱ्यावरची न दिसणारी सही
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

धानाचे रोवणे तोंडावर आले की मूल तालुक्यातला शेतकरी दोन गोष्टींची वाट पाहतो: पावसाची आणि पीककर्जाची. पाऊस कोणाच्या हातात नाही. कर्जासाठी मात्र सातबारा लागतो. गाव नमुना सात म्हणजे जमीन कोणाची, नमुना बारा म्हणजे तिच्यात पीक कोणते. दोन्ही मिळून सातबारा. पूर्वी त्यासाठी तलाठ्यांना गाठावे लागे. एका साझ्यात अनेक गावे, त्यामुळे ते आज या गावी तर उद्या त्या गावी. एका सहीसाठी दोन-तीन खेपा ठरलेल्या.

१ मे २०१८ पासून राज्यात डिजिटल सहीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर मिळू लागला. शुल्क पंधरा रुपये. सेतू केंद्रातला मुलगा तो काढून देतो, आपण तो बँकेत नेतो आणि खिडकीमागून प्रश्न येतो, "यावर सही-शिक्का कुठे आहे?"

प्रश्न अगदीच चुकीचा नाही. डिजिटल सही म्हणजे कागदावर उमटवलेले सहीचे चित्र नव्हे. ती एक गणिती क्रिया आहे. संगणक आधी संपूर्ण दस्तऐवजाचा एक लहानसा आकडेबंद ठसा काढतो. मजकुरातले एक अक्षर बदला, 'हेक्टर'पुढचा एक आकडा बदला, की ठसा पार वेगळा येतो. हा ठसा अधिकारी आपल्या गुप्त किल्लीने कुलूपबंद करतो. ते कुलूप उघडणारी दुसरी किल्ली मात्र सर्वांसाठी खुली असते. वाचणाऱ्याच्या संगणकाने त्या खुल्या किल्लीने ठसा उघडायचा, समोरच्या मजकुराचा ठसा नव्याने काढायचा आणि दोन्ही ताडून पाहायचे. जुळले, तर सही त्याच अधिकाऱ्याची आणि मजकूर तोच. भारतात या सहीला माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ने मान्यता दिली.

मग गडबड कुठे होते? बहुतेक वेळा सही झाल्यानंतर आपण त्या फाईलचे जे करतो, तिथे. अर्ज भरताना संकेतस्थळ म्हणते, फाईल मोठी आहे, लहान करा. आपण ती लहान करतो. दोन फाईली जोडून एक करतो किंवा पीडीएफची पुन्हा पीडीएफ छापतो. डोळ्यांना फरक काहीच दिसत नाही, पण या प्रत्येक रूपांतरात सही निघून जाते किंवा तुटते. मोबाईलवर काढलेल्या स्क्रीनशॉटचेही तेच. तो सातबाऱ्याचा फोटो असतो, सातबारा नसतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवायचाच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून मूळ पीडीएफ पाठवावी. ती जशीच्या तशी पोहोचते.

आणखी एक घोटाळा. फाईल उघडल्यावर सहीपाशी पिवळे प्रश्नचिन्ह दिसते आणि लोक घाबरतात. बहुतेकदा त्याचा अर्थ सही खोटी असा नसतो. वाचणाऱ्या संगणकाची भारतातल्या प्रमाणपत्र यंत्रणेशी ओळख करून दिलेली नसते, एवढेच. ती ओळख एकदा करून दिली की हिरवी खूण येते. मजकूर बदलला असेल तर संदेश निराळा येतो. तो मात्र गांभीर्याने घ्यायचा.

आता छापील कागदाचे पाहू. फाईल छापली की गणित फाईलमध्येच राहते, कागदावर उतरते ती फक्त शाई. म्हणून सातबाऱ्यावर पडताळणी क्रमांक आणि क्यूआर कोड दिलेला असतो. बँकेने तो क्रमांक संकेतस्थळावर घालून नोंद पाहायची. शेतकऱ्याला पुन्हा गावी पाठवून शिक्का आणवणे ही पडताळणी नव्हे. डिसेंबर २०२५ मध्ये शासनाने स्पष्टच सांगितले की डिजिटल सही, क्यूआर कोड आणि पडताळणी क्रमांक असलेला सातबारा सर्व सरकारी, बँकेच्या आणि न्यायालयीन कामांसाठी ग्राह्य आहे. त्यावर वेगळी सही लागत नाही. ही बातमी कापून जवळ ठेवायला हरकत नाही.

सहीची गुप्त किल्ली पेनड्राइव्हसारख्या एका लहान टोकनमध्ये असते. काम उरकावे म्हणून असे टोकन आणि त्याचा पासवर्ड दुसऱ्याच्या हाती देण्याची सवय अनेक ठिकाणी दिसते, सरपंचापासून व्यापाऱ्यापर्यंत. कोऱ्या स्टँपपेपरवर सही करून देण्यापेक्षा हे अधिक धोक्याचे आहे, कारण त्या टोकनने हव्या तितक्या कागदांवर सही करता येते आणि कायद्याच्या नजरेत ती तुमचीच समजली जाते. उलट काही कागदांना ही सही चालतच नाही. मृत्युपत्र आजही कागदावरच, साक्षीदारांसमोर करावे लागते.

शेवटी एक प्रश्न नेहमी येतो: सही बरोबर असेल तर सातबारा बरोबर असतो का? नाही. सही एवढेच सांगते की अभिलेखात जे आहे तेच या फाईलमध्ये आहे. हस्तलिखित सातबारे संगणकावर चढवताना एखाद्याच्या आडनावाची वेलांटी बदलली असेल, बांधीचे क्षेत्र दोन आर कमी पडले असेल, तर ती चूकही हिरव्या खुणेसह घरी येईल. म्हणून पंधरा रुपये भरून सातबारा काढलात की सही पाहण्याआधी नाव, गट क्रमांक आणि क्षेत्र जुन्या हस्तलिखित उताऱ्याशी ताडून घ्या. लेखनातली चूक दिसली तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो. अर्जाला जुना उतारा जोडावा आणि अर्जाची पोच घ्यायला विसरू नये.