गंजिफांच्या घरीं मुक्काम

परगांवीं गेलेल्या मनुष्याला रात्र काढावयास जागा लागते आणि सकाळीं न्याहरी लागते. या दोन गरजा भागल्या कीं उतारूचें समाधान होतें, असा सामान्य समज आहे. आणि धर्मशाळा, खाणावळी व हॉटेलें हीं सारीं याच समजुतीवर चालतात. परंतु अलीकडे जुन्या, इतिहासप्रसिद्ध गांवांतून एक निराळी प्रथा रूढ होत आहे. एखादा जुना वाडा नीटनेटका करून त्यांतील थोड्या खोल्या पाहुण्यांना द्यावयाच्या, आणि त्या गांवची जी कला असेल तिच्याच आधारानें त्या खोल्या सजवावयाच्या. मुक्काम आणि न्याहरी यांच्या जोडीला कलेचा सहवास, ही कल्पना मोहक आहे यांत शंका नाहीं. पण तो सहवास कितपत खरा आणि कितपत दिखाऊ, हें पाहणेंही तितकेंच अवश्य आहे.

कारण भिंतीवर चित्र टांगलें म्हणजे घरांत कला नांदूं लागली असें होत नाहीं. फ्रान्समध्यें पॅरिसच्या दक्षिणेस, फाँतेनब्लोच्या अरण्याला लागून, बार्बिझाँ नांवाचें खेडें आहे. एकोणिसाव्या शतकांत तेथील एका साध्या खाणावळींत निसर्गचित्रकार येऊन राहत, आणि तिच्या दारांवर, कपाटांवर व भिंतींवर चित्रें काढीत. ती खाणावळ आज संग्रहालय झाली आहे. तेथें कला पाहुण्यांनीं आणिली आणि घरानें ती जपून ठेवली. आपल्याकडील सावंतवाडीचा प्रकार याच्या उलट आहे. येथें कला गांवची आहे. पाहुणा येतो तो रिकाम्या हातानें. तेव्हां त्यानें या कलेकडून काय घ्यावें आणि तिला काय द्यावें, हा प्रश्न येथें अधिक महत्त्वाचा ठरतो.

सावंतवाडी हें दक्षिण कोंकणांतील सावंत-भोंसले घराण्याच्या राजधानीचें गांव. पूर्वीं त्याला सुंदरवाडी म्हणत. आज तें सिंधुदुर्ग जिल्ह्यांत आहे. एका अंगाला गोमंतकाची सरहद्द, दुसऱ्या अंगाला आंबोलीचा घाट, गांवाच्या मध्यभागीं मोती तलाव आणि तलावासमोर जांभ्या दगडाचा तांबूस राजवाडा, अशी त्याची शोभा आहे. राजवाडा तिसऱ्या खेमसावंतांच्या कारकीर्दींतला, म्हणजे १७५५ ते १८०३ या काळांतला. त्याच्या आवारांत पाहुण्यांसाठीं ज्या खोल्या सजविल्या आहेत, त्यांच्या सजावटीला गंजिफांतील चित्रेंच घेतलीं आहेत; आणि त्याच राजवाड्याच्या दरबार दालनांत चितारी मंडळी गंजिफा रंगवीत बसलेली दिसतात. सजावट आणि कारागिरी यांच्यांत येथें चार पावलांचें अंतर आहे. ही गोष्ट इतरत्र सहसा आढळत नाहीं.

गंजिफा म्हणजे हातानें रंगविलेले गोल पत्ते. हा खेळ मोंगलांबरोबर हिंदुस्थानांत पसरला. बाबर बादशहानें १५२७ मध्यें सिंधमधील शहा हसन याच्याकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रांत आहे, आणि अबुल फजलनें ‘ऐने अकबरी’मध्यें या खेळाचें वर्णन केलें आहे. मोंगली जोडांत ८ रंग आणि ९६ पानें असत. येथल्या कलावंतांनीं तो परका खेळ आपलासा केला आणि त्यांत विष्णूचे दहा अवतार आणून बसविले. तीच दशावतारी गंजिफा होय. तेलंगणांतून आलेल्या विद्वान ब्राह्मणांनीं ती सावंतांच्या दरबारीं आणिली, असें तेथील परंपरा सांगते.

दशावतारी जोडांत १० रंग आणि प्रत्येक रंगांत १२ पानें, अशीं एकंदर १२० पानें असतात. मत्स्याची खूण मासा, कूर्माची कासव, वामनाची कमंडलु, परशुरामाची परशु, याप्रमाणें प्रत्येक अवताराचें चिन्ह ठरलेलें आहे. प्रत्येक रंगांत एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पानें. राजाच्या पानावर प्रत्यक्ष अवतारच विराजमान झालेला असतो. संख्येच्या पानांवर आंकडा लिहीत नाहींत. नऊ मासे दिसले कीं ती नव्वी समजावयाची. तळहातांत मावणाऱ्या वर्तुळांत नऊ मासे एकमेकांस न खेटतां बसविणें आणि तरीही ते पाहतांक्षणीं मोजतां यावेत अशी मांडणी करणें, यांत चिताऱ्याचा कस लागतो.

पान तयार करण्याची जुनी रीतही मोठी कष्टाची होती. कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीनें एकावर एक चिकटवीत, त्यांवर खडूचा लेप देऊन तो घोटून गुळगुळीत करीत, मग वर्तुळें कापून तीं रंगवीत आणि शेवटीं लाखेचा हात देत. आतां कापडाच्या जागीं बहुधा जाड कागद किंवा पुठ्ठा आला आहे. परंतु कुंचला मात्र अद्यापि मनुष्याच्याच हातांत आहे. पाठीमागची बाजू सर्व पानांची अगदीं एकसारखी असावी लागते. एखाद्या पानाच्या पाठीवर वेगळी खूण राहिली तर प्रतिपक्षाला तें ओळखूं येईल आणि खेळच बिघडेल. म्हणजे चिताऱ्याची सफाई ही केवळ डोळ्यांच्या सुखासाठीं नसून खेळाच्या न्यायासाठीं आहे.

आतां खेळ कसा होतो तें पाहूं. खेळावयास तिघे लागतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला ४० पानें येतात. गोल पानें नेहमींच्या पत्त्यांप्रमाणें पिसतां येत नाहींत. तीं चादरीवर पालथीं पसरून हातानें कालवितात. दिवसा खेळ असेल तर रामाचा राजा ज्याच्याकडे गेला असेल त्यानें, आणि रात्रीं कृष्णाचा राजा ज्याच्याकडे असेल त्यानें उतारी करावयाची, असा संकेत आहे. हुकुमाचा रंग या खेळांत मुळींच नाहीं. पांच रंगांत राजा व प्रधान यांच्या खालोखाल दश्शी श्रेष्ठ; उरलेल्या पांच रंगांत क्रम उलटा, म्हणजे एक्का श्रेष्ठ आणि दश्शी सर्वांत कनिष्ठ. त्यामुळें कोणत्या रंगांतील कोणतें पान पडून गेलें आणि आतां कोणतें वरचढ राहिलें, याचा हिशेब प्रत्येकाला मनांतल्या मनांत सतत ठेवावा लागतो. नशिबापेक्षां येथें स्मरणशक्तीची परीक्षा अधिक.

असा हा खेळ मागें कां पडला? छापील पत्ते आले, हें त्याचें मुख्य कारण. यंत्रावर छापलेला ५२ पानांचा जोड थोड्या पैशांत मिळूं लागल्यावर, एकेक पान हातानें रंगविलेला १२० पानांचा जोड कोण विकत घेणार? शिवाय आश्रय देणारे दरबारही हळूहळू निस्तेज झाले. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सावंतवाडींत ही विद्या जाणणारे चितारी जवळजवळ उरले नव्हते. अशा वेळीं शिवरामराजे भोंसले आणि सत्त्वशीलादेवी या राजदंपतीनें ती एका वृद्ध चिताऱ्याकडून स्वतः शिकून घेतली, आणि राजवाड्यांतच कारागिरांना बसवून तिला नवा आधार दिला. २०२४ मध्यें सावंतवाडीच्या गंजिफांना भौगोलिक मानांकन मिळालें. कला जगली, असें म्हणावयास आज हरकत नाहीं.

पण खेळ जगला काय? खरी मेख येथेंच आहे. रंगविणारे हात पुन्हां तयार झाले. खेळणारे हात मात्र तयार झाले नाहींत. आज गंजिफांतील चित्र चौकटींत बसतें, डबीच्या झांकणावर चढतें, पाहुण्याच्या खोलींत उशापाशीं शोभतें. चादरीवर मात्र तें क्वचितच पडतें. वीणा सुंदर कोरलेली असावी आणि तिच्या तारा कोणी छेडूं नयेत, तशी ही स्थिति आहे. ज्या नव्वींतील मासे झटकन मोजतां यावेत म्हणून चिताऱ्यानें शिकस्त केली, ते मासे मोजण्याची कोणाला गरजच राहिली नाहीं, तर पुढचा चितारी ती शिकस्त कशासाठीं करील? उपयोग सुटला कीं सफाई सुटते. लोपाचा धोका टळला तरी हा दुसरा धोका अद्यापि टळलेला नाहीं.

म्हणूनच अशा घरच्या मुक्कामाचें महत्त्व आहे. दुकानांत शिरलेला प्रवासी पांच मिनिटांत वस्तु घेऊन निघून जातो. मुक्कामाला राहिलेल्या पाहुण्याजवळ संबंध संध्याकाळ असते. १२० पानांच्या डावाला जी निवांत वेळ लागते ती शहरांतील घरांत सांपडत नाहीं. मोती तलावाच्या कांठीं, विशेषतः पावसाळ्यांत, ती आपोआप सांपडते. पाहुण्यानें खोलींतील चित्रांची वाखाणणी जरूर करावी; पण तेवढ्यावर न थांबतां जोड मागून घ्यावा, जाणत्याकडून नियम समजून घ्यावेत आणि एक डाव तरी पुरा खेळावा. विकत घ्यावयाचें तर एखादें सुटें पान चौकटीसाठीं न घेतां, शक्ति असल्यास खेळतां येईल असा पूर्ण जोड घ्यावा. सकाळीं न्याहरीनंतर चितारआळींत एक फेरी मारावी. लांकडी फळें व खेळणीं यांसाठीं ती आळी प्रसिद्ध आहे. आणि कारागिराशीं चार शब्द बोलल्यानें वस्तूची किंमत अधिक चांगली कळते.

गांवची कला पाहुण्याला रात्रभर आसरा देते; तिला आसरा द्यावयाचा तो पाहुण्यानें आपल्या घरीं परतल्यावर. सुटीच्या दिवशीं घरांतील तिघांनीं चादर पसरून दहा अवतार मांडले, मुलांनीं मासे आणि कासवें मोजलीं आणि कोणाकडे कृष्णाचा राजा आहे याची विचारपूस सुरू झाली, म्हणजे सावंतवाडीचा मुक्काम खऱ्या अर्थानें सार्थकीं लागला असें समजावें.