आधी खालच्या दोघींचं कौतुक

न्यू जर्सीतल्या आमच्या गावात ऑगस्ट लागला की शाळेच्या जिममध्ये निळ्या गाद्या अंथरल्या जातात. मुलांच्या अमेरिकन फुटबॉलचा हंगाम सुरू होतो आणि त्याच्या जोडीने मुलींच्या चिअरलीडिंगचाही. भाचीला सरावाला सोडायचं काम माझ्याकडे आहे. परत घरी जाऊन पुन्हा येण्यापेक्षा मी तिथेच बाकावर बसते आणि सराव बघते.

आपल्याकडे चिअरलीडिंग म्हटलं की आयपीएलमध्ये सीमारेषेजवळ चालणारा नाच डोळ्यांपुढे येतो. इथे आठ-नऊ वर्षांच्या मुली जे करतात त्यात घोषणा, कवायत, कोलांट्या आणि मनोरे असं सगळंच असतं. गंमत म्हणजे याची सुरुवात पुरुषांनी केली. २ नोव्हेंबर १८९८ रोजी मिनेसोटा विद्यापीठाच्या सामन्यात जॉनी कॅम्पबेल नावाच्या विद्यार्थ्याने प्रेक्षकांपुढे उभं राहून घोषणा द्यायला घेतल्या. मुली यात आल्या त्या १९२०च्या दशकात. आणि २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने इंटरनॅशनल चिअर युनियनला पूर्ण मान्यताही देऊन टाकली.

मनोऱ्याचा म्हणजे 'स्टंट'चा गट चौघींचा. समोरासमोर दोघी 'बेस', मागे 'बॅक स्पॉट', आणि वर चढते ती 'फ्लायर'. बेस पाठ ताठ ठेवून गुडघ्यांत वाकतात, कंबरेपाशी तळहात जुळवून पाय ठेवायला जागा करतात. फ्लायर त्यांच्या खांद्यांवर हात टेकून आपला भार हातांवर घेते. कोच आठपर्यंत मोजत असते. ठरलेल्या आकड्याला चौघी एकदम दबतात आणि एकदम उठतात. जोर पायांतून यायला हवा, दंडांतून नाही. फ्लायरचे तळवे बेसच्या खांद्यांच्या उंचीवर येऊन थिरावले की 'प्रेप' झाला. बॅक स्पॉटने फ्लायरचे घोटे धरलेले असतात आणि तिची नजर फ्लायरवरून हलायची नाही. चौघींपैकी कोणालाही काही चुकतंय असं वाटलं तर तिने 'डाऊन' म्हणायचं. ते ऐकलं की फ्लायरला सांभाळून खाली घ्यायचं. का म्हणालीस, हे नंतर विचारायचं.

एका संध्याकाळी फ्लायर वर गेली आणि तिने खाली पाहिलं. खाली पाहिलं की छाती झुकते, कंबर मोडते, गुडघे सैल पडतात. भार पुढे आला आणि बेसचे हात लटपटले. एकीने 'डाऊन' म्हटलं. आता कोच ओरडणार, असं मला वाटलं. ती गादीवर मांडी घालून बसली आणि आधी 'डाऊन' म्हणणारीला म्हणाली, "अगदी वेळेवर बोललीस." मग दोन्ही बेसना म्हणाली, "ती हलली तरी तुमचे पाय जागचे हलले नाहीत, पाहिलं मी." शेवटी फ्लायरला एवढंच सांगितलं, "या वेळी त्या समोरच्या घड्याळाकडे बघ." पुढच्या खेपेला प्रेप उभा राहिला. डावा गुडघा अजून किंचित वाकलेला होता. ते तिलाही दिसलं असणार, पण ती त्याबद्दल काही बोलली नाही. गुडघ्याचा विषय पुढच्या सरावाला निघाला.

मग मी तिचं बोलणं कान देऊन ऐकू लागले. "खाली बघू नकोस" हे तिच्या तोंडी कधी येत नाही. कुठे बघायचं ते ती सांगते. नुसतं "छान, छान" तर ती म्हणतच नाही. काय छान झालं, ते सांगते. एका वेळी सुधारणा एकच. चुकलं म्हणून जिमला फेऱ्या मारायला लावणं नाही. आणि ज्या मुलीची तयारी झालेली नाही तिला ती वर पाठवत नाही. तिथे "अजून नाही" हे शब्द ती स्पष्ट उच्चारते. धाकाने अंग आखडतं आणि आखडलेलं मूल वर तोल सांभाळू शकत नाही. त्यामुळे या खेळात धीर देणं सुरक्षिततेच्या नियमांइतकंच गरजेचं ठरतं.

वॉशिंग्टन विद्यापीठातले रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल हे मानसशास्त्रज्ञ १९७०च्या दशकापासून मुलांच्या बेसबॉल प्रशिक्षकांचा अभ्यास करत आले. १९९२ मध्ये त्यांच्या गटाने एक निष्कर्ष प्रसिद्ध केला. धीर देण्याचं आणि नीट सूचना देण्याचं प्रशिक्षण ज्या कोचनी घेतलं होतं, त्यांच्या संघांतली ५ टक्के मुलं पुढच्या हंगामात खेळायला आली नाहीत. बाकीच्या संघांत हे प्रमाण २६ टक्के होतं. संघांच्या हारजितीत मात्र फरक नव्हता.

दहीहंडीत सगळ्यांचे डोळे वरच्या एक्क्यावर असतात, खालच्या थराचे खांदे कोण बघतो? इथल्या पालकांचंही तसंच होतं. परवा सराव संपल्यावर एक मराठी बाबा कोचकडे आले. आपली मुलगी सदा खालीच का, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. कोचने आडपडदा न ठेवता सांगितलं, "गुडघे घट्ट ठेवून आठ आकडे उभं राहणं, खाली उतरताना हात अंगाशी ठेवणं आणि समोर बघणं, हे तिला जमिनीवर जमलं की मी तिला वर घेईन."

शेजारी मुलगी बुटाची नाडी बांधत होती. मान वर न करता ती मराठीत म्हणाली, "बाबा, मला नाही जायचं वर. मी मेन बेस आहे."